पायरी कोणाचे कर्म?

अपंगत्वाचा विचार भारतीय धर्मपरंपरेत झाला तो बहुधा शरीराचा प्रश्न म्हणून झाला. त्या शरीराला अडवणाऱ्या वस्तूंचा, म्हणजे पायरीचा, उंबऱ्याचा किंवा टेम्पोच्या फाळक्याचा, तात्त्विक विचार क्वचितच झाला. गीतापाठापूर्वीच्या ध्यानश्लोकांत ईश्वराची कृपा पांगळ्याकडून डोंगर ओलांडून घेते, आणि वारकरी आख्यानात गोरोबाकाकांचे तोडलेले हात कीर्तनात पुन्हा फुटतात. दोन्ही ठिकाणी पालटते ते शरीर. वाट होती तशीच राहते. चालणे अशक्य किंवा कष्टाचे झालेल्या माणसाची बॅटरीवर चालणारी मोबिलिटी स्कूटर चढवण्यासाठी जो सुटा, उचलून नेता येणारा रॅम्प बनवतात, तो शरीराला हात न लावता वाट पालटतो, आणि म्हणूनच त्याच्यामुळे उभा राहणारा प्रश्न केवळ लोहारकामाचा उरत नाही.

वेदान्तात कर्माचे तीन भाग मानले जातात: जन्मोजन्मी साठलेले ते संचित, त्यातले या जन्मी फळास आलेले ते प्रारब्ध, आणि आज हातून घडत असलेले ते क्रियमाण. पाय निकामी होणे हे प्रारब्ध, असे स्पष्टीकरण घरोघरी दिले जाते आणि ते ऐकणाऱ्याला पुष्कळदा क्रूर वाटते. पण वादापुरते ते मान्य केले तरी त्यातून पायरीची उपपत्ती लागत नाही. पायरी बांधली ती गवंड्याने, बांधायला सांगितली ती विश्वस्तांनी किंवा मालकाने, आणि ती आजही तशीच ठेवली आहे ती त्यांच्याच वारसांनी. म्हणजे ती दुसऱ्या कोणाचे तरी चालू, बदलता येण्याजोगे क्रियमाण आहे. एकाचे क्रियमाण दुसऱ्याच्या प्रारब्धाच्या खात्यावर मांडणे ही हिशेबातली लबाडी आहे, मग ती कितीही भाविकपणे केलेली असो. अर्थात पायरीमागे नेहमी दुष्टावा असतो असेही नाही. दमणगंगेच्या खोऱ्यात, दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासासारख्या ठिकाणी, कोसळणारा पाऊस पाहता जोते उंच घेणे हा शहाणपणाच होता.

सिल्वासात हा प्रश्न फार मूर्त रूपात मांडता येतो, कारण करसवलतींच्या काळात येथे कारखाने आले आणि त्यांच्यामागोमाग पत्रा कापणारे, वाकवणारे, जोडणारे कारागीरही आले. असा कारागीर रॅम्पसाठी लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमचा नक्षीदार, चाक न घसरणारा पत्रा सुचवतो, कारण लोखंड त्याच्या जवळपास तिप्पट जड असते. मात्र ॲल्युमिनियमला साधे वेल्डिंग चालत नाही, आर्गनचे करावे लागते. स्कूटर तीनचाकी असेल तर दोन सुट्या पट्ट्यांचा रॅम्प निरुपयोगी ठरतो, कारण पुढचे एकटे चाक मधल्या फटीत जाते. वरच्या टोकाला पत्रा वाकवून ओठ काढतात आणि तो फाळक्यावरून निसटू नये म्हणून साखळी लावतात. चढ संपून सपाटी लागते तिथे कोन तीव्र राहिला तर स्कूटरचे पोट घासते आणि ती मध्येच अडकते. माणूस बसलेला असताना एकास बारा हे प्रमाण सुरक्षित मानतात: १५ सेंटीमीटरच्या पायरीला १८० सेंटीमीटर लांबीचा उतार. तोच हिशेब ६० सेंटीमीटर उंचीच्या टेम्पोला लावला तर सुमारे सव्वासात मीटर लांबीचा रॅम्प लागेल, जो त्या टेम्पोत मावणारच नाही. म्हणून तिथे स्वार आधी उतरतो आणि रिकामी स्कूटर अधिक उभ्या चढावरून वर घेतली जाते.

आता हा सुटा रॅम्प घेऊन एखादे कुटुंब सिल्वासातल्या देवळाशी किंवा बिंद्राबिनच्या ताडकेश्वर महादेवाशी येते असे मानले, तर पायरीचे ऋण कोणी फेडले? शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांसोबत मनुष्यांचेही ऋण सांगितले आहे, आणि ते आश्रय व अन्न देऊन फिटते. आश्रय देणाऱ्याच्या दारात आत येण्याचे साधन पाहुण्यानेच उचलून आणावे, ही त्या ऋणाची फेड नव्हे. सुट्या रॅम्पची नैतिक अडचण नेमकी हीच आहे की तो जितका चांगला बनतो तितकी पायरी निर्दोष ठरत जाते. कायद्याने तरी ही पळवाट ठेवलेली नाही: २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमातील सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक वापराच्या इमारती स्पष्टपणे येतात, १५ जून २०१७ रोजी नियम अधिसूचित झाल्यापासून अस्तित्वातील सार्वजनिक इमारती सुगम करण्यास पाच वर्षांची मुदत होती, आणि ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी प्रकरणातील निकालात सर्वोच्च न्यायालयाने केवळ शिफारशीवजा मानके पुरेशी नाहीत, सक्तीची मानके हवीत, असे ठरवले.

एक हरकत मात्र अधिक गंभीरपणे घ्यायला हवी, कारण ती श्रद्धेतून येते. रस्त्यावरची धूळ लागलेली चाके सभामंडपात नेल्याने शुचिता, म्हणजे उपासनास्थळाची विधिदृष्ट्या मानलेली शुद्धी, भंगते असे म्हटले जाते, आणि त्या न्यायाने स्कूटर चपलांसोबत बाहेर ठेवायला सांगितली जाते. ती पायताण आहे की पाय आहे, यावर सारा निवाडा अवलंबून आहे. चप्पल काढल्यावर माणूस आत जाऊ शकतो. स्कूटर काढून घेतल्यावर तो जाऊ शकत नाही, त्याला उचलून न्यावे लागते, आणि उचलून नेलेला माणूस आपल्या वेळी येत नाही की आपल्या वेळी परत फिरत नाही. तेव्हा ती पायाच्या जागी धरणे अधिक युक्त आहे, आणि पाय जसे धुतात तशी चाकेही ओल्या फडक्याने पुसता येतात.

चांगदेवाच्या भेटीला ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, ही कथा योगसामर्थ्याची म्हणून सांगितली जाते. तिच्यात हलते ती मात्र भिंत, आणि तीही समोरून येणाऱ्याला सामोरे जाण्यासाठी. विश्वस्तांना एवढेही सामर्थ्य लागत नाही. १५ सेंटीमीटरच्या पायरीसाठी १८० सेंटीमीटर जागा लागते, आणि बहुतेक देवळांपुढे तेवढी जागा चपलांच्या मांडणीने अडवलेली असते.