टिपणे

मराठीतील ‘टिपणे’ हे क्रियापद मोठे अर्थबहुल आहे. पाखरू दाणा टिपते, शिकारी सावज टिपतो, लेखक ऐकलेली गोष्ट टिपून ठेवतो आणि आई लेकराचे डोळे पदराने टिपते. अलीकडे ह्या शब्दावर आणखी एका अर्थाचा भार पडला आहे: छायाचित्रकार दृश्य टिपतो. हा पाचवा अर्थ आधीच्या चारांपैकी कोणाचा वंशज समजावा, हा प्रश्न केवळ कोशकाराचा नव्हे. वन्य प्राण्याचे चित्र घेणारा मनुष्य त्या प्राण्यापासून काही हिरावून घेतो की त्याच्याविषयी काही नोंदवून ठेवतो, हा नीतीचा प्रश्न आहे. आणि ज्या काळी ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आहे, त्या काळी तो कोणासही टाळता येण्यासारखा नाही.

पालघरनजीकच्या माहीमचा किनारा उदाहरणादाखल घेऊ. ओहोटी लागली की तेथे समुद्र मागे सरतो आणि ओल्या वाळूचा व चिखलाचा पट्टा उघडा पडतो. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले लहान पाणपक्षी अशा जागी किडे, कृमी वेचीत हिंडतात. ह्या स्थळी चित्र दोन रीतींनी घेता येते. एक रीत दूर उभे राहण्याची; तीत पक्षी लहान दिसतात, पण त्यांच्यासवे ओसरलेले पाणी, चिखलावरचा उजेड आणि काठावरचे सुरू हेही चित्रात येतात. दुसरी रीत जवळ सरकत जाण्याची. उडता थवा अधिक नाट्यमय दिसतो म्हणून मुद्दाम त्यावर धावून जाणारेही आढळतात. परतीच्या दीर्घ प्रवासासाठी जी चरबी पक्ष्यांनी साठवावयाची, ती असल्या निष्कारण उड्डाणांत खर्ची पडते. ओहोटीचा अवधी मोजका. भरती आली की वाढलेले ताट उचलले जाते. चित्र सुंदर येते. त्याची किंमत कोणी दिली हे मात्र त्यात दिसत नाही.

कॅमेऱ्याने बंदुकीची जागा घेतली ही प्रगती होय, ह्यात संशय नाही. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन ह्यांनी जंगलातील वाटेवर तार ताणून, तिला वाघाचा पाय लागताच त्याचे चित्र उमटेल अशी योजना केली आणि १९२७ साली ती चित्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. जिम कॉर्बेट ह्यांच्यासारखा नामांकित शिकारीही त्यांच्या उदाहरणाने कॅमेऱ्याकडे वळला. परंतु वारसा घेताना मनुष्य पूर्वजाचे धन घेतो तशा त्याच्या खोडीही घेतो. सावजाच्या जितके जवळ तितका पराक्रम मोठा, आणि घरच्या भिंतीवर मुंडके टांगल्याखेरीज शिकार पुरी नव्हे, ह्या दोन्ही समजुती बंदूक गेली तरी मागे उरल्या आहेत.

देवमासा ह्या समजुतींचा गर्व सहज उतरवितो. एवढा प्रचंड प्राणी, पण जिवंतपणी तो कधी सगळा दिसत नाही. पाण्यावर उडालेला श्वासाचा फवारा, काळसर पाठीची कमान आणि खोल बुडी मारताना उंचावलेले शेपूट, एवढेच काय ते पाहणाऱ्याच्या वाट्यास येते. बाकी चित्र समुद्राने व आकाशाने भरावे लागते. होडी त्याच्या वाटेत आडवी घातली वा मागे पिटाळली, तर तो अधिक दिसत नाही, नाहीसा होतो. त्याचे बहुतेक जगणे कानांवर चालते, आणि यंत्राचा घरघराट त्यास केवळ उपद्रव देतो.

अरबी समुद्रात हंपबॅक जातीच्या देवमाशांचा एक लहानसा समुदाय आहे. त्यांचे अन्यत्रचे जातभाई अन्नासाठी ध्रुवांकडील शीत जलात जातात. हे मात्र बारा महिने ह्याच समुद्रात राहतात. प्रत्येकाच्या शेपटाच्या खालच्या बाजूस काळ्यापांढऱ्या रंगाची नक्षी असते, आणि एकाची दुसऱ्याशी जुळत नाही. दूर अंतरावरून घेतलेल्या चित्रांवरून संशोधक त्यांना एकेक करून ओळखतात. येथे टिपणे म्हणजे टिपण ठेवणे: हा अमुक, तो अमुक वर्षी अमुक ठिकाणी होता, आणि अद्याप आहे.

ह्याउलट, देवमासा सगळा दिसतो तो किनाऱ्यावर लागल्यावर. जून २०१५ मध्ये रेवदंड्यास सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत लागला आणि लोकांनी खटपट करूनही वाचला नाही. जानेवारी २०१६ मध्ये जुहूस एक मेलेला देवमासा वाहत आला, तेव्हा त्याच्या कलेवराशेजारी उभे राहून स्वतःचे चित्र काढून घेण्यास गर्दी लोटली. त्या गर्दीस दुष्ट म्हणणे अन्यायाचे होईल. कुतूहल हे पाप नव्हे. पण तेथे देवमासा हा चित्राचा विषय नव्हता. तो पार्श्वभूमी होता.

येथे कोणी आक्षेप घेईल, की जवळून घेतलेल्या चित्रांवाचून लोकांच्या मनात करुणा उपजणार कशी? आक्षेप वजनदार आहे. परंतु मुखड्यावर जडलेली करुणा घरापर्यंत पोहोचतेच असे नाही. प्राणी आवडावा आणि त्याचे घर जावे, ह्यात पाहणाऱ्यास विसंगती जाणवत नाही, कारण चित्रात घर नसतेच. माहीमच्या उत्तरेस वाढवण येथे महाबंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. बंदर हवे की नको ह्याविषयी मते भिन्न असतील. पण कोणत्याही पक्षास न्यायाने बोलावयाचे तर ह्या किनाऱ्यावर काय होते ह्याची साक्ष हवी. ती साक्ष पक्ष्याच्या नुसत्या डोळ्याचे चित्र देणार नाही; पक्षी आणि चिखल, होडी आणि ओहोटी एकत्र असलेले चित्र देईल.

चित्र आणि कर्तव्य ह्यांचा क्रम कसा असावा, हे मच्छीमारांकडून शिकण्यासारखे आहे. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात एक योजना सुरू झाली. जाळ्यात कासव, देवमासा किंवा बहिरी मासा असा संरक्षित जीव सापडला, तर मच्छीमाराने जाळे कापून त्यास सोडावे, सुटकेचे चित्र पुरावा म्हणून द्यावे, आणि जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई घ्यावी. भर समुद्रात पोटाचे साधन आपल्या हाताने कापणाऱ्या त्या मनुष्याचे चित्र बहुधा हललेले, अंधुक असेल. कोणत्याही प्रदर्शनात ते लागणार नाही. तरी त्यात आधी सुटका आहे आणि मागून चित्र आहे. प्रदर्शनातील कित्येक चित्रांत हा क्रम उलटा असतो.

ह्यावरून एक साधी कसोटी हाती येते. प्राण्याच्या हितासाठी जे चित्र सोडून देण्याची तयारी आहे, तेच घेण्याचा आपणास अधिकार आहे. पाखरू बुजते असे दिसताच जो पाऊल मागे घेतो, त्याच्या हाती कदाचित नुसता ओसाड किनाराच येईल. परंतु पाखरे त्या किनाऱ्यावर चरत राहिलेली असतील, आणि चित्र न घेता परतलेल्या त्या मनुष्याने त्यांस नीट पाहिलेले असेल.