बोथटपणाची किंमत

खंडेनवमीला आपण हत्यारे धुऊन-पुसून मांडतो, त्यांना हळदकुंकू वाहतो आणि दुसऱ्या दिवशी सोने लुटायला मोकळे होतो. या पूजेत विळीला झेंडूचे फूल मिळते. धार मिळतेच असे नाही. पूजा वर्षातून एकदा केली तरी भागते. धारेचे तसे नाही, ती रोज थोडी थोडी जात असते.

घरी धार लावायला शिकू पाहणाऱ्याला प्रथम भाषाच चकवते. आपण धार ‘लावतो’ म्हणतो, जणू ती बाहेरून आणून चिकटवायची असते! निसण्यावर सुरी चार वेळा फिरवली की कळते, येथे लावायचे काहीच नाही. आहे ते झिजवणे. कडेचे बोथटलेले पोलाद काढून टाकले की उरते ती धार. धार ही वजाबाकी आहे, आणि गेलेले पोलाद परत येत नाही.

तंत्र म्हणाल तर थोडकेच आहे. कागदाचा काटकोनी कोपरा मधोमध दुमडला की ४५ अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस; घरच्या सुरीला त्याहून किंचित कमी कोन पुरतो. तो कोन दगडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढळू द्यायचा नाही, एवढीच काय ती विद्या. एका बाजूने घासत गेले की दुसऱ्या बाजूला केसासारखी बारीक कोर उभी राहते. ती पात्याच्या पूर्ण लांबीवर आली की बाजू पालटावी आणि शेवटी अगदी हलक्या हाताने ती काढून टाकावी. नवशिका येथे जोर करतो. जोराने कोन बिघडतो. आणि विजेच्या चाकावर घाई केली तर पाते तापून निळे पडते. त्याचे पाणी उतरते, मग कितीही घासा, धार टिकत नाही.

आता यात नीतीचा प्रश्न कोठे आला, असे वाचक विचारील. तो असा. बोथट सुरी निरुपद्रवी असते, असा आपला समज आहे. वस्तुतः धार कमी पडली की तिची जागा जोर घेतो. सुरी टोमॅटोच्या सालीवरून निसटते आणि बोटात शिरते. बोथटपणाची किंमत कोणीतरी देतच असते. ती कोण देतो, हाच खरा प्रश्न आहे.

घरात ती देते विळीवर बसणारी बाई. जो कधी विळीवर बसला नाही, त्याला विळी बोथट झाल्याचे कळण्याचा मार्गच नसतो. त्याला फक्त जेवायला उशीर झालेला कळतो.

घराबाहेरचे उदाहरण नंदुरबार जिल्ह्यातले आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. सातपुड्याच्या पायथ्याची कितीतरी आदिवासी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसे मिळून एक हत्यार! ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्याकडे साखर अधिक. आणि घाव स्वच्छ बसला तर खोडवा चांगला फुटतो. म्हणजे कोयत्याच्या धारेत कारखान्याचे हित आहे, शेतमालकाचे आहे. पण मजुरी मिळते ती तोडलेल्या वजनावर. कानस घेऊन धार करण्यात गेलेल्या वेळाला वजन नाही, म्हणून दामही नाही. धार न करावी तर तीच किंमत मनगटाने आणि खांद्याने चुकवायची. साखर गोड लागते तेव्हा हा हिशेब आपल्या जिभेला कळत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. घरोघर लोक धार लावू लागले, तर सायकलीवर चाक बसवून गल्लोगल्ली हिंडणाऱ्या धारवाल्याने काय खावे? स्वावलंबनाचा अभिमान दुसऱ्याच्या पोटावर उभा राहू नये, हे खरेच. पण मला वाटते, शिकण्याचा उपयोग त्याला टाळण्यासाठी नाही. ज्याने स्वतः तासभर दगडावर कोन सांभाळला आहे, तो धारवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणार नाही. घरच्या सुरीपुरते आपण पाहावे. अडकित्ता, कात्री, विळी त्याच्याकडे द्यावी आणि त्याचे काम डोळे उघडे ठेवून पाहावे.

कसब अंगी येवो न येवो, निसण्यावर बसल्याने एक सवय मात्र लागते. काम अडले की अधिक जोर लावण्यापूर्वी माणूस हातातल्या पात्याकडे पाहू लागतो. आणि ते पाते दुसऱ्याच्या हातात असेल, तर त्याच्या आळसाला नावे ठेवण्याआधी विचारतो, ‘बाबा, याला धार कधी केली होती? आणि त्या वेळेचे पैसे तुला कोणी दिले होते काय?’