जयस्तंभ आणि पहिले शील



डिसेंबरच्या सुट्टीत अर्विंगहून घरी गेलात, तर १ जानेवारीला भीमा कोरेगावला जालच. जमल्यास आधी भीमाशंकरही पाहा. सह्याद्रीच्या त्या दाट रानात, शेकरूच्या मुलखात, भीमा उगम पावते. तुळापूरला इंद्रायणी तिला मिळते आणि पुढे पुणे-नगर रस्त्यावर, अलीकडच्या काठाला पेरणे गावात जयस्तंभ उभा आहे. कोरेगाव पलीकडे.

आपली मुले वंदनेत पहिले शील घेतात, प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे. उद्या त्यांनी विचारले, “मग लढाईच्या स्तंभाला वंदन का?” तर काय सांगाल? “तो आपला इतिहास आहे,” एवढे मला अपुरे वाटते.

संयुत्त निकायातल्या योधाजीव सुत्तात एक योद्धा बुद्धांना विचारतो, रणात मरणाऱ्याला स्वर्ग मिळतो का? दोनदा बुद्ध उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा सांगतात की समोरचे मरोत असे मनात धरून लढणाऱ्याचे चित्त हीन झालेले असते; त्याला दुर्गतीच मिळते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेब अहिंसेला नियम न मानता तत्त्व मानतात आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत फरक करतात. आपण या फरकाचा आधार फार सहज घेतो. १८१८ ची लढाई कंपनीची होती, शिपाई तिचे पगारी होते, स्तंभही इंग्रजांनी स्वतःच्या विजयासाठी उभारला. याच इंग्रजांनी शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद केली!

तरीही मी वंदन करतो, ते नावांना. स्तंभावरच्या ४९ नावांपैकी २२ महार शिपायांची आहेत, शेवटी ‘नाक’ असलेली. ज्यांची सावलीही पेशवाईत विटाळ मानली गेली, त्यांची नावे दगडात कोरलेली आहेत. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला इथे आले आणि मार्चमध्ये महाडला चवदार तळ्यावर गेले. तो लढाही पाण्याकाठचाच, पण हाती शस्त्र नव्हते. माझ्या मते स्तंभाचा अर्थ तिथे बदलला.

एक गोष्ट मात्र खटकते. पेशव्यांकडून लढलेले अरब, गोसावी, मराठे त्या दिवशी शेकड्यांनी पडले. त्यांची नावे तिथे नाहीत. मैत्री भावनेत आपण त्यांना धरतो का? “त्यांनी आपल्याला काय दिले?” असा राग मीही ऐकला आहे आणि तो समजतोही. पण हिशेब मांडून केलेली ती मैत्री कसली?

स्तंभापाशी त्रिसरण-पंचशील झाले की मुलांना ती बावीस नावे वाचून दाखवा. मग थोडे नदीकडे चला. पलीकडच्या गावात कंपनीचे शिपाई दिवसभर तहानलेले लढले, कारण इतक्या जवळच्या पाण्याची वाट पेशव्यांच्या सैन्याने अडवली होती. तेही सांगा, आणि ती वाट अडवताना मेलेल्यांचेही.