अंगावर वाळतील म्हणे!

थंडी वाजली म्हणून मी चिडलेलो नाही. थंडी कुणालाही वाजते. ऐन ऑगस्टात तू जीन्स घालून कळसूबाईला आलास, त्याचा राग आलाय. वर मलाच विचारतोस, "सर, महाराष्ट्रात कसली आलीय थंडी?"

कसली आलीय? कळसूबाई १६४६ मीटर उंच. दर हजार मीटरला पारा साधारण सहा अंशांनी उतरतो, हे भूगोलाच्या पेपरात लिहून तूच मार्क मिळवलेस ना? मुंबईत २५ अंश असतील तेव्हा माथ्यावर पंधरा-सोळा. त्यात भणाणता वारा आणि अंगाला चिकटलेले ओले कपडे. पाणी हवेपेक्षा वीसेक पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. त्याला हिमालय लागत नाही, बर्फही लागत नाही. नवख्या पोरांना हे सगळं समजावून सांगणारा तूच. मग स्वतःची वेळ आली तेव्हा अक्कल कुठे गहाण टाकलीस?

"ट्रेकची पँट वाळली नव्हती." पावसाळ्यात काहीच वाळत नाही, बाबा. म्हणून तर तयारी दोन दिवस आधी करायची असते, आदल्या रात्री अकराला नाही. सुती कापड पाणी पितं आणि धरून ठेवतं. जीन्स तर दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. फुटपाथवरचा पॉलिस्टरचा टी-शर्ट पिळून झटकला की तासाभरात अंगावर घालण्याजोगा होतो. पैशांचं कारण देऊच नकोस. मोबाइलचं कव्हर त्याहून महाग आहे तुझं.

"सॅकला रेनकव्हर होतं." होतं ना! पण ते पाठीच्या बाजूने उघडं असतं. पाठीवरून ओघळलेलं पाणी तिथूनच आत शिरतं. कपडे आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचे, मग सॅकमध्ये. किती वेळा सांगितलं?

पण खरा संताप आला तो पुढे. उतरताना लोखंडी शिडीवर तुझी बोटं गज धरेनात. मी विचारलं, तर म्हणालास, "काही नाही सर, ठीक आहे." काय ठीक होतं? ओठ निळे, शब्द अडखळत होते. कुडकुडणं हे शरीराचं ओरडणं असतं. माणूस गारठलेला असूनही ते थांबलं, तर बरं वाटायला लागलं असं नाही, प्रकरण हाताबाहेर चाललंय. तेव्हा गप्प राहणं ही मर्दुमकी नाही, सोबत्यांची फसवणूक आहे. तू शिडीवरून सुटला असतास, तर खालच्या दोघांना घेऊन गेला असतास.

मग भंडारदऱ्याला गाडीत झोपायची वेळ आली. तुझ्याकडे कोरडा टी-शर्ट होता! सॅकच्या तळाशी. काढायचा कंटाळा. "राहू दे, अंगावर वाळतील." अंगावर कशाने वाळतात रे कपडे? तुझ्याच उबेने! रात्रभर शरीराला राबवायचं ते पाच मिनिटांच्या आळसापायी? ओल्यानेच स्लीपिंग बॅगेत शिरलास, तीही भिजवलीस. खाली कॅरीमॅट अंथरली नाहीस, जेवायलाही नको म्हणालास. पोटात इंधन नाही तर अंग तापणार कशाने? गूळ-शेंगदाणे तरी खायचे होतेस.

आणि रात्री दोनला काचा बंद करून इंजिन चालू करायला निघालास. हीटरसाठी! मी जागा नसतो तर? उभ्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतला माणूस उठतच नाही. तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवला तरी तोच धोका. गाडीत झोपायचं तर इंजिन बंद आणि काच बोटभर उघडी. दारूने ऊब येते म्हणणाऱ्या मित्रालाही सांग, कातडीपाशी रक्त येतं म्हणून गरम वाटतं, पण आतली ऊब बाहेर निघून जाते.

तू मठ्ठ असतास तर मी एवढा घसा कोरडा केला नसता. नकाशा वाचतोस, वाट शोधतोस, दमलेल्याची सॅक उचलतोस. तुला कळत नाही असं नाही, तू टाळतोस.

पुढच्या ट्रेकला निघताना सॅक माझ्यासमोर उघडायची. प्लास्टिकमध्ये बांधलेला कोरडा जोड आणि मोजे दिसले नाहीत, तर तुला गाडीत जागा नाही.