दीर्घायुष्याचा हिशेब

आपल्याकडे वडीलधाऱ्यांचा पहिला आशीर्वाद दीर्घायुष्याचा असतो. मराठीत ‘शतायुषी हो’, उर्दूत ‘उमर दराज हो’. पण लांब आयुष्य मिळाले म्हणजे नेमके काय मिळाले, हे आपण क्वचितच विचारतो. एखादा वृद्ध शिक्षक वारला की शोकसभेत आधी त्याच्या वयाचा आकडा सांगितला जातो. जणू वर्षे जमवणे हीच त्याची कमाई! मला वाटते, आयुष्याची लांबी ही कमाई नव्हे, ती अमानत आहे. अमानत किती दिवस आपल्याजवळ राहिली याला फार महत्त्व नाही. ती कोणाच्या हाती पोहोचली, हे महत्त्वाचे.

उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे उदाहरण घ्या. ६ सप्टेंबर १९७२ रोजी मैहरला त्यांचे निधन झाले. त्यांचे जन्मवर्ष कोणी १८६२ देतात, कोणी १८८१. म्हणजे ते एकशेदहा वर्षे जगले की नव्वद, यावर एकमत नाही. वीस वर्षांचा फरक काही थोडाथोडका नव्हे. तरीही त्यांचे मोठेपण त्याने तसूभर कमी-जास्त होत नाही. यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आले.

आज बांगलादेशात असलेल्या ब्राह्मणबाडिया भागातील शिबपूर हे त्यांचे गाव. गाण्याच्या वेडापायी ते पोरवयातच घरातून पळाले. कलकत्त्यात अन्नछत्रात जेवून त्यांनी दिवस काढले. नुलो गोपाल यांच्याकडे गाणे शिकले, लोबो नावाच्या गोव्याच्या बँडमास्तराकडे व्हायोलिन. पुढे रामपूरला उस्ताद वझीर खाँ यांचे शागीर्द होण्यासाठी ते नवाबाच्या गाडीसमोर आडवे झाले, असे सांगतात. इतके सोसून इल्म मिळवणारा माणूस पुष्कळदा कंजूष होतो. ‘मी एवढे भोगले, आता फुकट का वाटू?’ असे त्याला वाटते. घराण्याची खास विद्या फक्त मुलाला देण्याची रीतही त्या काळी होतीच.

खाँसाहेब मैहरचे महाराज ब्रिजनाथ सिंह यांच्या पदरी होते. १९१८ च्या सुमारास तिथे साथीने कित्येक मुले पोरकी केली. त्या मुलांना गोळा करून खाँसाहेबांनी वाद्ये शिकवली आणि त्यातून ‘मैहर बँड’ उभा राहिला. या बँडसाठी त्यांनी बंदुकीच्या नळ्यांपासून ‘नलतरंग’ नावाचे वाद्य तयार केले. जी नळी माणूस मारण्यासाठी ओतली गेली, तिच्यावर एका अनाथ पोराने सूर काढावा! शांततेवरच्या कितीतरी भाषणांपेक्षा मला हे मोठे वाटते.

खाँसाहेबांचे शिष्य म्हटले की आपण रविशंकर, अली अकबर, पन्नालाल घोष, निखिल बॅनर्जी ही नावे घेतो. पण बँडमधली ती पोरे प्रतिभा पाहून निवडलेली नव्हती. ती निराधार होती, एवढीच त्यांची पात्रता. आम्ही शिक्षक दहावीच्या निकालानंतर पहिल्या तिघांचे फोटो फलकावर लावतो. उरलेल्यांचे काय झाले, हा खरे तर शिक्षकाच्या नियतीचा प्रश्न आहे.

आपल्या समाजात इथे एक आक्षेप येतो. ‘मौसिकीत घालवलेली उमर कौमच्या काय कामाची?’ मौसिकी जायज की नाजायज, हा वाद उलेमांचा आहे. त्यात पडण्याइतके माझे ज्ञान नाही. पण यतीमाच्या डोक्यावर हात ठेवण्याबद्दल तर आपल्यात दुमत नाही? त्या मुलांना खाँसाहेबांनी पोटापुरते अन्न देऊन सोडले नाही, हातात हुन्नर दिला. याला खिदमत म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

मात्र खाँसाहेबांना फरिश्ता बनवण्याचीही गरज नाही. त्यांचा राग प्रसिद्ध होता. शागिर्दांना ते मारीत, मुलगा अली अकबर यालाही त्यांनी सोडले नाही. ‘छडीशिवाय विद्या येत नाही’ म्हणणारे आजही अशाच उस्तादांचे दाखले देतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी केली. पण कायदा नसता तरी मार हा मारच. अनाथांवर केलेल्या उपकाराने तो पुसला जात नाही. पुण्य आणि चूक एकमेकांतून वजा करता येत नाहीत. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

मग लांब आयुष्याचा फायदा काय? एक फायदा मला त्यांच्या घरातच दिसतो. थोरली मुलगी जहानारा हिच्या सासरी तिचा तानपुरा जाळला गेला, असे सांगतात. त्या धक्क्याने धाकट्या अन्नपूर्णेला शिकवायचेच नाही असे खाँसाहेबांनी ठरवले. पण एके दिवशी ती भावाची चूक दुरुस्त करताना त्यांनी ऐकली आणि आपला निर्णय फिरवला. केस पांढरे झालेला बाप मुलीसाठी बदलला! त्याच अन्नपूर्णादेवींनी पुढे मैफली सोडल्या आणि मुंबईच्या घरात, लोकांच्या नजरेआड, अनेक वर्षे शिकवले. हरिप्रसाद चौरसिया आणि नित्यानंद हळदीपूर त्यांचे शिष्य. २०१८ साली त्या गेल्या. सासरच्या भीतीने बापाने ती तालीम दिलीच नसती, तर किती जणांचे दार बंद राहिले असते! ‘मुलीला इतके शिकवून काय करायचे?’ असे विचारणारे पालक माझ्या उर्दू शाळेतही येतात. त्यांना मी ही हकिकत सांगते.

वय वाढले म्हणून माणूस आपोआप मोठा होत नाही. आपल्याला मिळालेले दुसऱ्याला देण्यासाठी आणि आपले चुकलेले मत बदलण्यासाठी त्याला जास्त दिवस मिळतात, एवढेच. ते दिवस ज्याने वापरले नाहीत, त्याची शंभर वर्षेही कमीच. म्हणून पुढच्या शोकसभेत मरणाऱ्याचे वय सांगून थांबू नये. त्याच्याकडून शिकलेले कोण कोण आले आहेत, तेही विचारावे आणि त्यांना पुढे बसवावे.