एकट्याची वाट, दुसऱ्याचं वेळापत्रक

नेपाळला एकट्याने, सावकाश, फारशी आखणी न करता जावं, या इच्छेत वैराग्याचा अंश असतो असं अनेकांना वाटतं. पण गीतेचा बारावा अध्याय भक्ताला अनिकेत, म्हणजे घरात न गुंतलेला, म्हणतो, तेव्हा लगेच स्थिरमती, म्हणजे स्थिर बुद्धीचा, असंही म्हणतो. महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी अनुयायांना अटन, म्हणजे भटकंती, सांगितलं, तर यतिधर्माने पावसाळ्यात पायाखाली जीव चिरडू नयेत म्हणून चातुर्मास एका जागी घालवायला लावला. भटक्याचे दिवसही दुसऱ्या कुणासाठी बांधलेले होते. लवचीकपणा म्हणजे मनाला येईल तसं वळणं नव्हे. तो म्हणजे आपल्या दिवसांवरचा हक्क आपण जातो त्या जागेला देणं.

नेपाळआधी जवळच, पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात हे ताडून पाहावं. पावसाळ्यात भाताची आवणी सुरू असताना पाहुण्यासाठी कुणाला सवड नसते. मुखवट्यांचा बोहाडा उत्सव गावाच्या तिथीला होतो, प्रवाशाच्या रजेला नाही. आक्षेप असा, की भातकापणीनंतर इथली कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. त्यांच्यापुढे हौसेची भटकंती चैनच ठरते. आक्षेप खरा आहे, आणि तो टाळू नये. पण त्यातून प्रवास त्याज्य ठरत नाही, त्याचं ऋण ठरतं: कर्ती माणसं भट्टीवर गेलेल्या घरी फुकटचा पाहुणचार मागू नये, वाटाड्याला पुरी मजुरी द्यावी. नेपाळने 2023 मध्ये परदेशी ट्रेकरांना अनेक मार्गांवर वाटाड्या सक्तीचा केला. एकांत मोडला, अशी तक्रार झाली; पण ज्याच्या डोंगरात आपण शिरतो तो सोबत असणं ही एकांताची हानी का मानावी?