मंडळींत आपला कोण ?

चंद्रपूर व गडचिरोलीच्या रानांत मोह गळूं लागला म्हणजे कुटुंबेंच्या कुटुंबें टोपल्या घेऊन पहांटेसच बाहेर पडतात. पाठोपाठ तेंदूपानांचा हंगाम येतो. मग रविवारच्या उपासनेस जागा रिकाम्या दिसतात, आणि कोणी म्हणतो, "हे नांवाचेच ख्रिस्ती." प्रिय वाचकहो, मनुष्य मंडळीचा कशानें होतो ? केवळ हजेरीनें काय ?

रे. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस झाला. पत्नी लक्ष्मीबाई यांनीं वियोग सोसला. पुढें त्या पतीकडे आल्या, तरी कांहीं काळ सोंवळें पाळीतच राहिल्या, आणि १९०० सालीं स्वतःच्या खात्रीनें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पांच वर्षें लागलीं म्हणून त्यांची श्रद्धा हलकी होती, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

२९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास सहा मंडळ्यांच्या ऐक्यानें चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें, तेव्हां बालकांस बाप्तिस्मा देणारे व प्रौढांसच देणारे असे दोघेही त्यांत सामावले. वाटा दोन, तरी घर एक.

तथापि उशीर निराळा व उदासीनता निराळी. हजेरीच्या वहींत दोन्ही सारखींच दिसतात. भेद कळावयाचा तर त्या घरीं गेलें पाहिजे. पोटासाठीं रानांत गेलेल्यास दोष देणें सोपें, त्याच्या सोयीनें सायंकाळीं प्रार्थना ठेवणें कष्टाचें. म्हणून, उपदेशक बंधूंनो, कोणास थंड ठरविण्यापूर्वीं एकदां त्याच्या अंगणांत बसा, त्याच्या मोहाची व मुलांची विचारपूस करा, आणि मग त्याच्याबरोबर प्रार्थना करा.